चार आण्याएवढं कुंकू

परटवणे, रत्नागिरी
गुरुवार, १७ जानेवारी १९८५

प्रिय चिमा,

मंगळवारी दुपारच्या लांजा गाडीने तू पाठवलेलं पोचलं ते असं: हिरवी पत्र्याची ट्रंक एक, कुलूप नसलेली, काथ्याने बांधलेली. आत साड्या सात, त्यांत लग्नातला शालू धरून. पोलकी नऊ. लोकरीची शाल एक. चांदीचं निरांजन एक, मी दिलेलं. अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण, देव दोन. स्टीलचं ताट, वाटी, तांब्या. चाळीस पानी वही एक. आणि कोपऱ्यावर ‘च’ विणलेल्या पांढऱ्या रुमालात गाठ मारून ठेवलेलं चार आण्यांचं नाणं एक. स्टँडवरच्या हमालाला रुपया दिला, हातगाडीला साडेतीन. लगेजचं भाडं तू लांज्यालाच भरलंस, म्हणजे परत पाठवण्यात कुचराई केली नाहीस, हेही नोंदलं. नाण्याचं शेवटी लिहिते.

वर ‘प्रिय’ लिहिलंय ते शाळेत तसं शिकवलं म्हणून. त्याचा वेगळा अर्थ काढू नकोस.

दिवसही चांगला निवडलास. आदल्या दिवशी संक्रांत, सगळं जग एकमेकाला तिळगूळ देऊन गोड बोल म्हणतं, आणि किंक्रांतीला तुझी ट्रंक माझ्या ओटीवर. बरं, कपडे पाठव, भांडी पाठव, ते माणसाच्या वापरायचं. पण देव परत पाठवतात का गो? लग्नात बोहल्यावर चढायच्या आधी पोर ज्या अन्नपूर्णेपुढे बसली, जी तिने तुझ्या देव्हाऱ्यात नेऊन ठेवली, पोर निघून आल्यावरही जिला दहा महिने तुझ्या घरचा नैवेद्य मिळाला, ती तू पोलक्याच्या चिंधीत गुंडाळून एस.टी.च्या टपावर टाकलीस? मी दोन्ही देवांना दुधाने न्हाऊ घालून आमच्या देवांशेजारी बसवलंय. पण ते उपऱ्यासारखे दिसतात. सासरी दिलेले देव माहेरच्या देव्हाऱ्यात शोभत नाहीत, मुलीसारखेच.

राही गेल्या शिमग्याला इथे आली ती एका पिशवीनिशी. तिची ट्रंक तुझ्या माजघरात होती. दहा महिने मी त्या ट्रंकेवर दिवस काढले. शेजारीण विचारी, राही किती दिवस राहणार हो? मी म्हणे, सामान तिकडेच आहे तिचं. ट्रंक तिकडे होती तोवर पोरीचं घर तिकडे होतं. कार्तिकात जावई येऊन गेले. सदानंदराव आत आले नाहीत, गडग्यापाशी उभे राहून शिट्टी वाजवली, आणि पोर हातातलं पीठ तसंच घेऊन धावली. अर्धा तास बोलत होती दोघं पेरूखाली. निघताना मला म्हणाले, आईला विचारून सांगतो. तेव्हापासून मी तुझ्या तोंडाकडे डोळे लावून बसले होते. माझ्यासारखीने तोंडाकडे डोळे लावून काय उपयोग, ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?

शिमग्याला काय झालं ते तू गावभर सांगितलंस, आता माझ्याकडून ऐक. पालखी आली, ढोल, गुलाल, माणसावर माणूस. राहीला गर्दीत भोवळल्यासारखं झालं. तिने पुढ्यातल्या पुरुषाचा हात धरला, पदराने त्याच्या तोंडावरचा गुलाल पुसला आणि म्हणाली, चला ना आता घरी, उभं राहून पाय मोडले माझे. तो सदानंद नव्हता. महिपत होता, थोरला दीर. विंचू चावल्यासारखा तो बाजूला उडाला. तुझी थोरली सून तिथेच ओरडली, माझ्या घोवाचा हात धरलान् गो हिने! ढोल थांबले म्हणतात. आणि तू काय म्हणालीस? आमच्या घरात असलं कधी झालं नव्हतं. एवढंच. पण तेवढ्याने पोरीच्या कपाळावर डाग बसला. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने ती इथे.

दोघा भावांना सणाला एकाच ताग्यातून शर्ट शिवले होते. निळी चौकट, बारीक. तो तागा मी तुला राम आळीतून घेऊन दिला होता, एकदम घेतला तर स्वस्त पडतो म्हणून. आपण दोघींनी दुकानदाराशी पाऊण तास घातला. दोघंही एका उंचीचे, एका अंगाचे. सदानंदराव डाव्या मनगटावर घड्याळ घालतात. पण त्या दिवशी गुलाल आत जाईल म्हणून काढून ठेवलेलं. पोरीने शर्ट बघितला, उंची बघितली, ढोलात शिट्टी ऐकू येणार कुठून, आणि हात धरला. याला तुम्ही चाळे म्हणता. तू एका हाताच्या अंतरावर उभी होतीस, चिमा. राहीने मला शपथेवर सांगितलंय. तुझ्या बांगड्यांवरून तिला कळलं होतं की सासूबाई शेजारी आहेत, म्हणून तर ती निर्धास्त होती. तिचा हात चुकीच्या माणसाकडे चाललाय हे तू पाहिलंस. एक शब्द टाकायचा होतास. ‘महिपत, सरक’ म्हटलं असतंस तरी तिला आवाजाने नाव कळलं असतं. दाताखाली सुपारी धरल्यासारखी गप्प राहिलीस, आणि बोललीस ती नेमकी सगळं झाल्यावर.

ही पहिली चूक नव्हती असं तुझं म्हणणं. नव्हतीच. त्याआधीच्या कार्तिकात तुझे यजमान त्यांच्या चुलतभावाचं दहावं करून परत आले. मिशी काढलेली, डोकं भादरलेलं, खांद्यावर पंचा. राही एकटी घरात. तिने दाराआडून विचारलं, कोण पाहिजे आपल्याला? घरात पुरुषमाणूस नाही. आपल्याच ओटीवर, आपल्याच सुनेने! मामंजी बिचारे अर्धा तास पायरीवर बसून राहिले. हे ऐकून मी आधी हसले आणि मग देवापाशी जाऊन रडले. मिशी हीच तर पोरीची खूण होती. ती सुतकात गेली. पुढे भर बाजारात तू नवी साडी नेसून समोरून आलीस आणि ती न बोलता निघून गेली, यावरून तू मला दोन पानी पत्र लिहिलंस. ‘तुझी लेक शिष्ट आहे’ हे दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मीही मान्य केलं असतं.

पण तू शिष्ट म्हणतेस? तू?

आपला तिसरा बाक आठव, खिडकीकडचा. सगळ्या मुलींना एक साडी, एक तेल लावलेली वेणी, आणि मला सगळ्याजणी म्हणजे ढिगातले नारळ. नाक दिसतं, डोळे दिसतात, सुंदर आहे का नकटी आहे ते कळतं. पण तिने मान वळवली की सगळं पाटीवरच्या अक्षरासारखं पुसलं जातं. लोकांना हे समजत नाही. मी म्हणते, ढिगातला एक नारळ हातात घे, नीट बघ, परत ढिगात टाक आणि उद्या तोच उचलून दाखव. दिसत नाही का नारळ? दिसतो की. तुला हे मी सातवीत सांगितलं, दुसऱ्या कुणाला कधी नाही. तू हसली नाहीस. त्या दिवसापासून मॅट्रिकपर्यंत माझ्या कानाला तुझं तोंड. ‘शिवणाच्या बाई आल्या, उठ.’ ‘ही गणितातली नव्हे, तिची बहीण.’ कोणी समोरून येताना दिसलं की तू माझ्या दंडाला चिमटा काढायचीस आणि नाव पुटपुटायचीस. मुली म्हणायच्या, ही चिमा हिच्या कानात काय एवढं सांगते? माझा दंड कायम काळानिळा. तुझं लग्न होऊन तू लांज्याला गेलीस तेव्हा मी रडले ते मैत्रिणीसाठी म्हणून सगळ्यांना वाटलं. मी डोळ्यांसाठी रडले.

म्हणून राहीला तू मागणी घातलीस तेव्हा मी लपवलं नाही. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी आमच्या विहिरीच्या कठड्याशी तुला बाजूला घेतलं आणि सांगितलं, राही माझ्यासारखीच आहे गो. लहानपणी एकदा दुसऱ्याच बाईचा पदर धरून घाटीवरून अर्ध्या वाटेपर्यंत गेली होती. तू पोहऱ्याने पाय धूत होतीस. काय म्हणालीस ते तुझ्याच शब्दांत लिहिते: मी आहे ना? तुझ्या कानात सांगत होते, तिच्याही सांगीन. विसरलीस, का आठवत होतं आणि गिळलंस? माझा राग सासूवर नाही. सासवा तशाच असतात, मीही झाले असते. माझा राग त्या विहिरीवरच्या बाईवर आहे. जिला काही ठाऊक नव्हतं त्या थोरल्या सुनेने आरडाओरडा केला, तिला मी माफ केलं. तुला कसं करू?

आता पुढचं ऐक, हे तुला ठाऊक नाही. दिवाळीनंतर राहीला आम्ही डॉक्टरांना दाखवली. आधी डोळ्यांच्या. त्यांच्या तक्त्यावरची सर्वात खालची ओळ तिने घडाघडा वाचली. ते म्हणाले, हिच्या डोळ्यांना काही झालेलं नाही, मेंदूच्या डॉक्टरांना भेटा, महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मुंबईहून येतात. गेलो तिघं. तरुण आहेत, पण ऐकून घेतात. त्यांनी माझ्याकडून घरचे फोटो मागवले होते. कागदाला खिडकी कापून ती फोटोवर धरायचे, म्हणजे केस, टोपी, कपडे सगळं झाकून नुसतं तोंड उरेल, आणि विचारायचे, हा कोण? राहीला वीसांतले चार आले. मग त्यांनी तेच फोटो उलटे धरले, डोकं खाली. आधी आमच्या यांना विचारलं. सरळ असताना हे एकही चुकले नव्हते, उलटे धरताच स्वतःच्या सख्ख्या भावाला चुकले. राहीच्या चुका मात्र उलटे असताना जेवढ्या, सरळ असताना तेवढ्याच. डॉक्टर म्हणाले, इथेच कळतं. डोळे नुसतं आणून टाकतात, ओळखायचं काम मेंदूचं. मेंदूच्या मागे, खालच्या अंगाला त्याची म्हणून जागा असते, आणि चेहरा तिथे नाक, डोळे, ओठ असा सुटा सुटा जात नाही, सबंध जातो. मला ते देवळातल्या मूर्तीसारखं वाटलं. गाभाऱ्यात आपण देव एका नजरेत पाहतो, हात किती नि आयुधं किती ते मोजत बसत नाही. राहीचं मन मोजत बसतं. कुणाला डोक्यावर मार बसून किंवा अर्धांगाच्या झटक्यानंतर असं होतं, ते पुस्तकांत आहे म्हणाले. जन्मापासून असलेले लिहून ठेवलेले फार थोडे. असतील पुष्कळ, पण सांगतो कोण? लांबलचक इंग्रजी नाव आहे, चिठ्ठीवर लिहून दिलंय. औषध नाही. वेड नाही, बुद्धी कमी नाही, आणि वाईट चाल तर नाहीच नाही, हेही त्यांच्या सहीने लिहून घेतलं मी.

मग ते सहज म्हणाले, आई, आता तुम्ही या बघू. मी छत्री घट्ट धरून बसले. उठले. पहिल्याच फोटोवर कागदाची खिडकी ठेवली आणि विचारलं, हा कोण? मी म्हटलं, असेल कोणी लग्नातला पाहुणा. डॉक्टरांनी कागद काढला. मुंडावळ्या बांधलेले आमचे हे.

चोवीस वर्षं झाकलेलं असं उघडं पडलं. घरी येताना वाटेत मारुतीचं देऊळ लागतं. हे देवळापाशी थांबले, चपला काढल्या, नमस्कार केला, आणि म्हणाले, मग इतकी वर्षं तू मला कशावरून ओळखतेस? मी म्हटलं, खोकल्यावरून. पुन्हा थोडं चालले. मग म्हणाले, आणि एखाद्या दिवशी खोकलो नाही तर? त्या दिवसापासून हे घरात शिरताना उंबऱ्यात खोकतात. राही एकटी असली तर दोनदा खोकतात. परवा घसा बसला होता तर कडी वाजवून म्हणाले, मी आहे गो. आणि मासे घेऊन येते ती हफीजा, रस्त्यात तिच्या अंगावरून मी न बोलता गेले की इतकी वर्षं ती ओरडायची, ‘विमलाताय, रागावलंस काय?’ तिला यांनीच सांगितलं असावं. आता लांबूनच हाक देते, ‘मी हफीजा, हफीजा!’ म्हणजे बघ, चोवीस वर्षं जिने फसवलं तिचा नवरा दारात खोकतो, आणि मासळीवाली रस्त्यात स्वतःचं नाव ओरडते. तुला तर सातवीपासून ठाऊक.

ट्रंकेतली चाळीस पानी वही तू उघडून पाहिलीस का ते मला ठाऊक नाही. पाहिली असतीस तर पाठवायची हिंमत झाली नसती. मला वाटलं, माझ्यासारखा घरखर्च लिहिला असेल पोरीने. तो नव्हता. तुमची सगळी माणसं लिहिली आहेत तीत, एका पानावर एक. ‘मामंजी: मिशी. दार उघडताना राम म्हणतात.’ मिशीवर नंतर काट मारलेली. ‘महिपतभावोजी: उजवी चप्पल घासते. तंबाखूचा वास.’ ‘थोरल्या जाऊबाई: पैंजण नाहीत, जोडव्यांचा आवाज. नाकातून बोलतात.’ ‘हे: घड्याळ डावीकडे. शिट्टी. हसताना आधी श्वास घेतात.’ एका पानावर नुसतं लिहिलंय, ‘शिमगा. दोघांचा कपडा एक. घड्याळ बघणे, घड्याळ बघणे.’ दोनदा. परीक्षेच्या आदल्या रात्री मूल घोकतं तशी पोर तुमचं घर घोकत होती, चिमा, आणि तुम्ही तिला शिष्ट म्हणत होता. पहिलं पान तुझं आहे. ‘सासूबाई: बांगड्या, लांबून ऐकू येतात. नाकात लाल खड्याची चमकी. कपाळावर चार आण्याएवढं कुंकू. सासूबाई असल्या की भीती नाही.’

हे वाचून मी वही मिटली, कारण माझ्याही मनातलं तुझं पान अक्षर न् अक्षर हेच आहे. फक्त शेवटचं वाक्य मी आता खोडलं.

भाद्रपदात तुझे यजमान गेले. कार्ड आलं, मी आले नाही. मुद्दाम आले नाही, खोटं कशाला लिहू? म्हटलं, जिने माझ्या पोरीला दारातून काढलं तिच्या दारात मी पाऊल ठेवणार नाही, मग मरण असो की तोरण. हे एकटे जाऊन आले. आल्यावर पाय धुताना म्हणाले, विहीणबाई अगदी ओळखू येत नाहीत. सगळेच असं म्हणतात कुणाचं काही झालं की, म्हणून मी कढईतली भाजी हलवत राहिले. या पत्राचं पाकीट आधी लिहून ठेवलं तेव्हा सवयीने ‘सौ.’ लिहिलं. मग ते खोडून ‘श्रीमती’ केलं. दुसरं पाकीट घेतलं नाही. खाडाखोड दिसली तर समजून घे, किंवा नको घेऊस.

आता नाण्याचं. मंगळवारी गाठ सोडली आणि नाणं पाहताक्षणी ओळखलं. तरी सगळ्यात शेवटी लिहितेय, कारण हे आधी लिहिलं असतं तर वरचा राग लिहायचा राहून गेला असता, आणि तो तुला पोचणं जरूर होतं. मार्गशीर्षातल्या स्वामींच्या उत्सवाला मी पावसला गेले होते. राहीसाठी नवस होता. अकरा अनोळखी बायकांच्या हातावर हळद लावलेले चार चार आणे ठेवायचे आणि मनात म्हणायचं, पोरीला तिचं घर दे. मला सोपाच नवस, मला सगळ्याच अनोळखी. दहा जणी झाल्या. प्रसाद घेऊन बाहेर पडले तर पायऱ्यांपाशी एक बाई समोर येऊन उभी राहिली. राखाडी काठाचं पांढरं पातळ, डोक्यावरून पदर. कपाळ मोकळं, नाक मोकळं, हात मोकळे, एक बांगडी वाजली नाही. बोलली नाही काही. नुसते दोन्ही हात पुढे केले. मी कनवटीचा रुमाल सोडला, अकरावं नाणं तिच्या ओंजळीत ठेवलं, मनात म्हणायचं ते म्हटलं, आणि गाडी चुकेल म्हणून निघाले. मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी काय दिसणार होतं मला? या नाण्याच्या खाचेत माझी हळद अजून सुकलेली आहे, चिमा. तुझं नाणं ओळखलं, तुला नाही. ज्या खुणांवर मी तुला तीस वर्षं ओळखलं त्या सगळ्या लोकांनी तुझ्या अंगावरून काढून घेतल्या, आणि उरलीस ती मला परकी. तू माझा हात धरायला आली होतीस, आणि मी तुला भिकारीण ठरवून पुढे गेले. त्या रात्री तू काय सोसलंस ते मला या ट्रंकेवरून कळलं. त्या चार आण्यांची मी तुझे पाय धरून माफी मागते. एवढ्याचीच मागते, शिमग्याचं माझं तुझ्याकडचं येणं तसंच बाकी आहे. पण एक विचारते. सगळ्या जगात तुला एकटीला ठाऊक होतं की बोलल्याशिवाय मला कळत नाही, मग बोलली का नाहीस? मला वाटतं, जगाला नाही तरी चिमाला ही ओळखीलच, असं तू मनाशी धरलं होतंस. मीही तसंच धरून चालले होते, परवापर्यंत. ट्रंकेवरची पत्त्याची चिठ्ठी महिपतच्या अक्षरात आहे, तुझ्या नाही, म्हणजे तुझ्या हाताने तू मला अजून तोडलेलं नाहीस, तेवढ्या एका गोष्टीवर हे पत्र लिहिलंय. ट्रंक होती तशी भरून ठेवली आहे, काथ्याही तोच बांधला आहे, देव तेवढे बाहेर आहेत. मुलांना आणि थोरल्या सुनेला समोर बसवून विहिरीवरचं बोलणं सांग. ‘मला आधीपासून ठाऊक होतं’ हे सांग. त्यात तुझी मान खाली जाईल, जाऊ दे, माझी डॉक्टरांच्या खोलीत गेलीच. दिलेलं दान परत आलं की नवस मोडतो, म्हणून नाणं या कागदाच्या खाली दोऱ्याने शिवून पाठवते आहे. पोरीचं घर जिच्या हातात आहे, देवाने ते नेमकं तिच्याच हातावर ठेवायला लावलं, ते तिथेच राहू दे. रथसप्तमीपर्यंत वाट बघते. राग असला तर रागाचं लिही, शिव्या असल्या तर शिव्या, पण उलट टपाली चार ओळी तुझ्या हाताने लिहून पाठव. तुझं अक्षर मी अजून एकदाही चुकले नाही.

तुझीच,
विमला